मुंबईतला पहिला पावसाळा: पाणी भरण्याआधी, भरल्यावर आणि ओसरल्यावर

मुंबईत पाणी भरतं ते बहुधा काही तासांपुरतं. कोल्हापूर-सांगलीच्या महापुरासारखं ते आठवडाभर घरात मुक्काम करत नाही. नवख्या माणसाची फसगत इथेच होते, आणि तीही दोनदा. पहिली पाणी चढताना, कारण तासाभरापूर्वी कोरड्या असलेल्या रस्त्यावर ते गुडघ्याला लागतं. दुसरी ओसरल्यावर, कारण सरकारी मदतीचे बरेच नियम दिवसांच्या हिशेबाने लिहिलेले आहेत, तासांच्या नाही. दुपारी घरात कमरेएवढं पाणी होतं हे तुम्हाला ठाऊक असतं. नंतर पाहणीला आलेल्या तलाठ्याला दिसते ती पुसून काढलेली फरशी.

म्हणून जीव आणि सामान कसं वाचवायचं याच्या जोडीला, झाल्या प्रकाराची नोंद कशी करून ठेवायची यावरही इथे बरंच लिहिलं आहे. क्रम पावसाच्या आधीपासून नंतरपर्यंत असा आहे. आत्ता या क्षणी दारात पाणी असेल तर सरळ पाचव्या भागावर जा, बाकीचं नंतर वाचा.

१. आपला वॉर्ड आणि आपलं जिल्हाधिकारी कार्यालय शोधून ठेवा

महापालिकेने शहराचे अक्षरांनी ओळखले जाणारे विभाग केले आहेत. कुर्ला म्हणजे एल, मुलुंड म्हणजे टी, अंधेरी पश्चिम म्हणजे के पश्चिम, माटुंगा-शीव म्हणजे एफ उत्तर, वरळी-प्रभादेवी म्हणजे जी दक्षिण. पोस्टाच्या पत्त्यात हे अक्षर नसतं. मालमत्ता कराच्या बिलावर असतं. भाड्याने राहत असाल तर सोसायटीच्या ऑफिसात विचारा. नालेसफाई, पडलेलं झाड, गटाराचं झाकण, पाण्याचे पंप, भिजून कचरा झालेल्या गाद्या उचलणं, तात्पुरता निवारा, दवाखाना, हे सगळं वॉर्डाच्या अखत्यारीत येतं. प्रत्येक वॉर्डात स्वतःचा नियंत्रण कक्ष असतो आणि त्याचा नंबर मुख्य कक्षापेक्षा पटकन लागतो, असा इथल्या जुन्या लोकांचा अनुभव आहे. तो आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

दुसरी यंत्रणा जिल्हाधिकाऱ्यांची. मुंबईत दोन जिल्हे आहेत हे कित्येक वर्षं इथे राहिलेल्यांनाही माहीत नसतं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत मुंबई शहर जिल्हा. त्याचं कार्यालय फोर्टमधल्या जुन्या जकात घरात आहे. वांद्रे आणि कुर्ल्यापासून पुढे दहिसर-मुलुंडपर्यंत मुंबई उपनगर जिल्हा. त्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला, आणि त्याखाली अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन तालुके.

ढोबळ विभागणी अशी धरा: पाणी उपसणं महापालिकेचं काम, नुकसानीचे पैसे देणं जिल्हाधिकाऱ्यांचं. वॉर्ड ऑफिसात नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन गेलात तर तिथला कर्मचारी तुम्हाला तहसीलचा रस्ता दाखवेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

नंबर मोजकेच लक्षात ठेवायचे. १९१६ हा महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा, चोवीस तास चालणारा. १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा. जिवावर बेतलं असेल तर ११२, आग किंवा सुटकेसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. वीज कंपनीचा तक्रार क्रमांक बिलावर छापलेला असतो; शहरात बेस्ट आहे, उपनगरांत भागाप्रमाणे अदानी, टाटा आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण. बिलाचा फोटो काढून ठेवला की कंपनी आणि ग्राहक क्रमांक दोन्ही हाताशी राहतात.

२. पाऊस आणि भरती एकत्र वाचायला शिका

बातम्यांत 'मुंबईत दोनशे मिलिमीटर' असा आकडा येतो. त्याने फारसं काही कळत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकच शहर, एकच दिवस. म्हणून शहराचा आकडा सोडा आणि आपल्या भागातल्या पर्जन्यमापकाचा पाहा. महापालिकेची स्वयंचलित केंद्रं शहरभर आहेत आणि त्यांच्या नोंदी आपत्ती व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर दिसतात.

तिथेही दिवसाच्या बेरजेपेक्षा तासाचा आकडा महत्त्वाचा. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, तेही ओहोटी असेल तर. ती वाढवून तासाला ५० मिलिमीटर करायची, या हेतूने ब्रिमस्टोवॅड नावाचा आराखडा १९९३ मध्ये तयार झाला. खरी गती आली ती २००५ च्या प्रलयानंतर. काम बरंच झालं आहे, तरी तासाला पन्नासच्या वर पाऊस गेला की कुठलीही व्यवस्था दमतेच. दिवसभर रिपरिप करत शंभर मिलिमीटर पडला तर तुम्ही वेळेवर ऑफिसला पोचाल. तेच शंभर दीड तासात पडले तर पोचणार नाही.

आता भरती. या नाल्यांची समुद्रात उघडणारी बहुतेक मुखं मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरतीच्या वेळी दरवाजे लावून समुद्र बाहेर ठेवावा लागतो, नाहीतर तोच उलटा शहरात येतो. दरवाजे लागले की आतलं पाणी बाहेर जायला वाट उरत नाही, ते पंपाने फेकावं लागतं. हाजीअली, वरळीचं लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर, रे रोडचं ब्रिटानिया, जुहूचं इर्ला, सांताक्रूझचा गझदरबंध, ही उदंचन (पंपिंग) केंद्रं त्याचसाठी. साडेचार मीटर किंवा त्याहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की सखल भागात पाणी साचणार हे धरून चाला.

मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधी प्रसिद्ध करते. ती छापून फ्रिजवर लावा. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे काल दुपारी बाराला होती तर आज एकच्या सुमाराला. हे एकदा अंगवळणी पडलं की 'आत्ता निघू की दोन तास थांबू' हा प्रश्न बराच सोपा होतो. भरती उतरू लागली की पाणीही उतरतं.

हवामान खात्याचे रंग तुम्ही पाहिले असतीलच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे मोजतात, त्यामुळे सकाळच्या बातमीतला आकडा बहुतांशी कालचा असतो. प्रवासाचा निर्णय घ्यायचा तर पुढच्या तीन तासांसाठी दिला जाणारा तात्काळ इशारा पाहा. आणि शाळांना सुट्टी, धरण सोडलं, समुद्रात वीस फुटी लाटा असले ढकलसंदेश महापालिकेच्या अधिकृत खात्यावर दिसत नाहीत तोवर पुढे पाठवू नका.

पावसाळा ११ जूनला येतो असं सरासरी सांगते. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. मे २०२१ मध्ये तर मोसमी पाऊस यायच्या आधीच तौक्ते चक्रीवादळाने कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे वारे दिले. तेव्हा तयारी मेच्या मध्यापर्यंत उरका.

३. तळमजला, मीटर आणि लिफ्ट

तळमजल्यावर घर घेतलं असेल तर शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारा: 'पाणी कुठवर येतं?' 'येतं का' असं विचारलंत तर उत्तर नाही असंच मिळेल, विशेषतः दलाल शेजारी उभा असताना. भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ बऱ्याचदा रंगाखालूनही दिसते. कपाटाचा खालचा प्लायवूड फुगलेला असेल तर काही विचारायची गरजच नाही.

सोसायटीत तीन गोष्टी पाहा. वीज मीटरची खोली जमिनीलगत असेल तर मीटर वर चढवण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करता येतो. काम वेळ खातं, म्हणून पावसाआधी. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरतं, तेव्हा पाऊस वाढला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद करायची, हे वॉचमनला सांगून ठेवलेलं हवं; रात्री दोनला सेक्रेटरी फोन उचलेलच असं नाही. तिसरी गोष्ट म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. तिचं झाकण नीट बसत नसेल तर गटाराचं पाणी थेट तुमच्या नळात येतं.

कागदपत्रं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर. आधार, रेशनकार्ड, भाडेकरार, विमा पॉलिसी, पासबुक आणि मोठ्या वस्तूंची बिलं. सगळ्यांचे फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा.

टेकडीच्या उतारावर किंवा उंच संरक्षक भिंतीच्या कडेला राहत असाल तर तुमचा धोका पाण्यापेक्षा मातीचा आहे. १७-१८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूर आणि विक्रोळीत दरड आणि भिंत कोसळून तीसच्या आसपास माणसं गेली, बहुतेक झोपेत. भिंतीला नवी भेग, फुगवटा, मधूनच येणारं गढूळ पाणी दिसलं तर रात्र तिथे काढू नका. धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागली असेल तर मालक काय म्हणतो यापेक्षा नोटिशीत काय लिहिलंय ते वाचा. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करायची.

४. बाहेर असताना पाणी भरलं तर

ऑफिसात असाल तर थांबा. मुंबईकर 'बघू, निघून तर बघू' म्हणतो आणि शीव-कुर्ल्याच्या मध्ये चार तास लोकलमध्ये उभा राहतो. रुळांवर पाणी ठरावीक उंचीच्या वर गेलं की गाड्या थांबवाव्याच लागतात. मध्य रेल्वेवर शीव, कुर्ला आणि हार्बरवर चुनाभट्टी हे नेहमीचे बिंदू. गाडी मधेच थांबली तर खाली उड्या मारू नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि पाण्याखाली रुळांमधलं काही दिसत नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. गाडीतच थांबलेल्या माणसांपर्यंत बोटी पोचल्या.

गाडी चालवत असाल तर सबवे टाळा. अंधेरी, मिलन, खार, मालाड, दहिसर यांतला एखादा तरी दर मोठ्या पावसात बंद होतो. अंधेरीचा तर सगळ्यात आधी. दादर-परळमधल्या हिंदमाताला आता प्रमोद महाजन उद्यान आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, त्यामुळे पूर्वीसारखं दिवसभर तुंबत नाही. तरी रस्ता विचारून घ्या.

पायी चालताना गटाराचं झाकण हा सर्वांत मोठा धोका. २९ ऑगस्ट २०१७ ला प्रभादेवी भागात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. पाणी लवकर जावं म्हणून झाकण उघडलेलं होतं. त्यानंतर झाकणाखाली जाळ्या बसवायला सुरुवात झाली. तरीही पाण्यातून जायचंच असेल तर छत्री मिटा आणि तिने पुढची जमीन चाचपत चाला. रस्त्याच्या कडेने नको, दुभाजकाजवळून. पाणी गोल फिरताना दिसलं की तिकडे पाऊल टाकू नका. विजेचा खांब, फीडरची पेटी, दुकानाची लोखंडी शटर यांना हात लावू नका. आणि चांगल्या हेतूनेसुद्धा झाकण स्वतः उघडायचं नाही. तो गुन्हा आहे. ज्या झाकणाशेजारी महापालिकेचा माणूस आणि लाल झेंडा उभा असतो, तेवढंच उघडं असायला हवं.

५. पाणी घरात शिरू लागलं की

उंबऱ्याला पाणी लागायच्या आधी मेन स्विच बंद करा. लागल्यानंतर ओल्या हाताने, पाण्यात उभं राहून तिकडे जाऊ नका. वीज कंपनीला फोन करून बाहेरून पुरवठा तोडायला सांगा. गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर वर उचला, रिकामा असेल तर तरंगत जातो. तळमजल्यावर पाणी दारातून यायच्या आधी बरेचदा मोरीतून आणि संडासातून येतं. मोरीच्या जाळीत ओलं फडकं घट्ट कोंबा, कमोडवर वाळूची किंवा मातीची पिशवी ठेवा. फ्रिज, मिक्सर, धान्याचे डबे, मुलांची दप्तरं, या क्रमाने वर चढवा. गाद्यांच्या मागे वेळ घालवू नका.

मग १९१६ लावा. इथे बहुतेक जण गडबडतात. 'लवकर या, खूप पाणी आहे' याने पलीकडच्या माणसाला काहीच नोंदवता येत नाही. असं बोला:

'एल वॉर्ड, कुर्ला पश्चिम, अमुक चाळ, तमुक शाळेच्या मागे. घरात गुडघ्याच्या वर पाणी, अर्ध्या तासात वीतभर वाढलंय. चाळीत एक अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत आणि तान्हं बाळ आहे. वीज अजून चालू आहे. तक्रार क्रमांक सांगा.'

वॉर्ड, खूण, पाण्याची उंची, वाढतंय की स्थिर, हलू न शकणारी माणसं, वीज. कुणाकडे आधी जायचं हे याच गोष्टींवरून ठरतं. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो मिळाला की तुमचा प्रसंग वेळेसकट सरकारी दप्तरात गेला, आणि पुढे पैशांच्या वेळी तोच कामी येतो. चाळीतल्या वीस जणांनी वीस फोन करण्यापेक्षा दोघांनी नीट केलेले बरे. लाइन मोकळी राहते.

यंत्रणा मागून कशी हलते हेही थोडं माहीत असू द्या. पहिले पोचतात ते वॉर्डाचे कामगार आणि अग्निशमन दल. पाणी जास्त असेल तर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या येतात. पावसाळ्यात त्या शहरात आधीच आणून ठेवलेल्या असतात. नौदलाची पथकंही लागली तर बोलावली जातात. म्हणजे लाल इशाऱ्याच्या दिवशी माणसं कमी नसतात, तुमच्या गल्लीत पोचायला रस्ता नसतो. दुचाक्या गल्लीच्या तोंडाशी लावून ठेवू नका.

बाहेर पडा असं सांगायला कर्मचारी आला तर पडा. पोलीस भोंग्यावरून सांगतात तेव्हा चाळीत नेहमी कुणीतरी असतं, 'दरवर्षी सांगतात' म्हणणारं. मिठी नदीला पवई आणि विहार तलाव भरून वाहिल्याचं पाणी येऊन मिळतं, त्यामुळे तुमच्या डोक्यावर पाऊस थांबलेला असला तरी नदी चढत राहू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये मिठीने धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधून शेकडो रहिवाशांना महापालिकेच्या शाळेत हलवलं गेलं.

निवारा म्हणजे बहुधा अशी जवळची पालिका शाळा. चहा, जेवण, पाणी आणि प्राथमिक उपचार तिथे मिळतात. सोबत रोजची औषधं, चार्जर, चष्मा, मुलांचे कपडे, बाईमाणसांना लागणारे पॅड आणि ती प्लॅस्टिकची पिशवी घ्या. पोचल्याबरोबर निवाऱ्याच्या वहीत कुटुंबातल्या सगळ्यांची नावं पत्त्यासह लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढा. लोक जेवून परत जातात आणि हे एक काम राहून जातं.

६. पाणी ओसरलं: आधी फोटो, मग झाडू

घरात परतल्यावर पहिली इच्छा होते ती चिखल काढायची. अर्धा तास थांबा.

भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. तिच्यावर पेन्सिलने खूण करा, शेजारी टेप धरून फोटो काढा. मग दारापासून आत जात एक सलग व्हिडिओ, प्रत्येक खोलीचा. खराब झालेली प्रत्येक वस्तू वेगळी. फ्रिज-टीव्हीच्या मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक दिसेल असा. घराच्या दारावरचा नंबर एका तरी फोटोत येऊ द्या, नाहीतर ते कुणाच्याही घराचे फोटो ठरतात. फोनमध्ये तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते, म्हणून मूळ फोटो जपा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत ती माहिती उरत नाही.

वायरमनने पाहिल्याशिवाय मेन चालू करू नका. भिजलेला फ्रिज किंवा वॉशिंग मशीन 'चालतंय का बघू' म्हणून लावू नका. जमिनीखालची टाकी रिकामी करून, धुऊन, क्लोरीन टाकूनच वापरात आणा; तोवर पाणी उकळून प्या. क्लोरीनच्या गोळ्या वॉर्डाच्या आरोग्य विभागात मागा. भिजलेल्या नोटा सावलीत सुकवा, चिकटलेल्या ओढून सोडवू नका. खराब नोटा कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात.

आता आरोग्याचं. साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला साधी चीर असली तरी पुरते. पाण्यातून चाललेल्यांनी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून डॉक्सीसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा घ्यावी, असा महापालिकेचा दरवर्षीचा सल्ला असतो. एकदाच घ्यायची की जास्त दिवस, हे जखम आहे का आणि किती वेळा पाण्यात गेलात यावर ठरतं. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना वेगळं औषध देतात, तेव्हा शेजारच्याची गोळी घेऊ नका. पालिकेच्या दवाखान्यात आणि 'आपला दवाखान्या'त हे मोफत आहे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल, यातलं काही झालं तर 'पाण्यातून गेलो होतो' हे वाक्य डॉक्टरांना आपणहून सांगा. तेवढ्याने तपासणीची दिशा बदलते.

७. पंचनामा आणि सरकारी मदत

पंचनामा महसूल खात्याचा माणूस करतो, म्हणजे तलाठी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, तोंडात तलाठीच आहे) किंवा मंडळ अधिकारी. तो आपणहून प्रत्येक दारात येईल असं समजू नका. पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी तहसीलदारांच्या नावाने एक साधा अर्ज द्या, शहर जिल्ह्यात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने. त्यात पत्ता, पाणी कधी शिरलं, कधी ओसरलं, किती उंच होतं, काय गेलं आणि १९१६ चा तक्रार क्रमांक. सोबत आधार, रेशनकार्ड, वीजबिल, भाडेकरार, पासबुकाच्या प्रती आणि फोटो. दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का घेऊन घरी आणा. पंचनाम्यावर सही करताना वाचून करा. 'घरगुती साहित्याचे अंशतः नुकसान' एवढंच लिहिलं असेल तर वस्तूंची यादी जोडायला सांगा.

किती मिळतं? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळातल्या निकषांप्रमाणे मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये. आठवड्याहून जास्त रुग्णालयात राहावं लागलेल्या जखमीला १६,००० आणि त्याहून कमी काळासाठी ५,४००. पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार, अंशतः म्हणजे किमान १५ टक्के पडझड असेल तर ६,५००. कच्च्या घराच्या अंशतः पडझडीला ४,०००, नष्ट झालेल्या झोपडीला ८,०००. कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० दर कुटुंबामागे.

यात दोन अटी आहेत. पहिली अशी की कपडे-भांड्यांची मदत घर पडलं, वाहून गेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली राहिलं तरच, असं मूळ निकष म्हणतात. मुंबईत पाणी दोन दिवस राहणं विरळा. दुसरी अट घराच्या मदतीसाठी. बांधकाम अधिकृत हवं. झोपडपट्टीत राहणाऱ्यांनी पात्रतेचा जो कागद असेल तो, फोटोपास, सर्वेक्षणाची पावती, जोडायलाच हवा.

तरी अर्ज सोडू नका, कारण मोठ्या आपत्तीनंतर राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढून रक्कम वाढवतं किंवा अटी सैल करतं. २०२१ च्या महापुरानंतर कुटुंबाला १० हजार, छोट्या दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के पण जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीवाल्याला १० हजारांपर्यंत, असं जाहीर झालं होतं. असा निर्णय निघतो तेव्हा यादी पंचनाम्यांवरूनच बनते. आज आपण निकषात बसत नाही म्हणून ज्याने पंचनामा केला नाही, तो त्या यादीतही नसतो.

भाडेकरूंसाठी एक गोष्ट. इमारतीच्या पडझडीची मदत मालकाची, आतल्या सामानाची ज्याचं सामान त्याची. मालक 'माझ्या नावावर होऊ दे, मग देतो' म्हणाला तर हसून विषय बदला आणि अर्ज आपल्या नावाने करा. पैसे थेट बँक खात्यात येतात, म्हणून खातं आधारशी जोडलेलं हवं. रोख वाटतो म्हणून कुणी कमिशन मागितलं तर तो माणूस सरकारचा नाही.

उघड्या मॅनहोलमुळे किंवा खड्ड्यामुळे इजा झाली असेल तर तो वेगळा रस्ता आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ६ लाख आणि दुखापतीसाठी ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. रुग्णालयाचे कागद आणि पोलिसांकडची नोंद मात्र त्याच दिवशी करून घेतलेली बरी.

८. विमा, ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी (आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठीही)

खरं सांगायचं तर मुंबईतल्या काही तासांच्या पुरासाठी सरकारी मदतीपेक्षा घराचा विमा जास्त उपयोगी पडतो, आणि तो फार थोडे लोक काढतात. एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. वादळ, पूर, पाणी शिरणं, सगळं त्यात मुळातच येतं. घराचा विमा काढला की घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंतचं सामान आपोआप समाविष्ट होतं. भाडेकरूला फक्त सामानाचाही काढता येतो. इथे पाणी दोन दिवस राहिलं का, असं कुणी विचारत नाही. छोट्या धंद्यासाठी याच धर्तीची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे.

दाव्यासाठी कंपनीला लगेच कळवा आणि सर्वेक्षक येईपर्यंत खराब वस्तू भंगारवाल्याला देऊ नका. जागा नसेल तर ईमेलने परवानगी मागून मगच हलवा.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी असताना ते चालू केलं की आतले भाग वाकतात, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम लागतं. बॅटरीची तार काढा, आहे त्या जागी फोटो काढा, टो करून गॅरेजला न्या. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काहीही मिळत नाही.

९. पैसे आले नाहीत तर

याद्या तहसील कार्यालयात लागतात. नाव नसेल तर आवक शिक्क्याची प्रत घेऊन जा आणि नाव का वगळलं हे लेखी मागा. कारणं बहुधा किरकोळ असतात: खाते क्रमांकात चूक, आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव वेगळं, एकाच रेशनकार्डावर दोन कुटुंबं. ती दुरुस्त होतात. 'पाणी शिरलंच नव्हतं' असा शेरा असेल तर रेघेचा फोटो, तक्रार क्रमांक आणि निवाऱ्याच्या वहीचं पान जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. 'आपले सरकार' संकेतस्थळावरही तक्रार टाका, तिथे उत्तर द्यावंच लागतं. चाळीने मिळून एकत्र अर्ज केला तर काम पुढे सरकतं. फक्त प्रत्येक घराचे कागद वेगळ्या पाकिटात लावा, कारण एकाचा कागद कमी पडला की सगळा गठ्ठा परत येतो.